जंगल नसलेल्या देशात जंगलाचे धडे

२१ डिसेंबर २०२४ या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. भारताचे पंतप्रधान तब्बल ४३ वर्षांच्या खंडानंतर कुवेतच्या भूमीवर उतरले, आणि त्याच दिवशी देहरादून येथे केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी ‘भारत वनस्थिती अहवाल २०२३’ प्रकाशित केला. पहिल्या घटनेची चर्चा सालमियापासून फहाहीलपर्यंत भारतीयांच्या घराघरांत झाली. दुसरीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि ते स्वाभाविकही होते. वनक्षेत्राच्या आकडेवारीचा आखातात नोकरी करणाऱ्या माणसाशी काय संबंध, असे कोणालाही वाटावे.

संबंध आहे, आणि तो मुलांच्या शिक्षणातून येतो. कुवेतमधील भारतीयांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे आणि त्यांची बहुसंख्य मुले केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, अभ्यासक्रमाच्या शाळांत शिकतात. ज्या देशात नैसर्गिक जंगल नाही, वर्षाला सरासरी जेमतेम ११० ते १२० मिलिमीटर पाऊस पडतो, त्या देशात वाढणारे मूल परिसंस्था, अन्नसाखळी, वनविनाश आणि हवामानबदल हे शब्द शिकते आणि परीक्षेत अचूक लिहिते. मात्र शब्दांमागील वस्तू त्याने पाहिलेली नसते. उद्या हेच मूल कोकणातील वडिलोपार्जित जमिनीचे काय करायचे हे ठरवणार आहे. म्हणून त्याला जंगल कसे शिकवले जाते, हा प्रश्न शाळेच्या वेळापत्रकापुरता राहत नाही.

अभ्यासक्रमात काय उरले

भारतात पर्यावरण शिक्षणाची सक्ती न्यायालयाच्या आदेशाने आली. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रखडल्यावर १८ डिसेंबर २००३ च्या आदेशाने एनसीईआरटीने पहिली ते बारावीसाठी आखलेला अभ्यासक्रम राज्यांना बंधनकारक करण्यात आला. योगायोग असा की १९९१ च्या त्या निर्देशाच्या सोळाच दिवस आधी, ६ नोव्हेंबरला, कुवेतमधील शेवटची जळती तेलविहीर विझवण्यात आली होती. माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने पेटवलेल्या सहाशेहून अधिक विहिरींच्या धुराने त्या वर्षी भर दुपारी अंधार केला होता. पर्यावरणाचा विनाश डोळ्यांनी पाहणारा देश आणि पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करणारा देश हे एका महिन्यात, आपापल्या वाटेने, एकाच प्रश्नापाशी आले होते.

त्यानंतरचा प्रवास सरळ झालेला नाही. २०२२ साली एनसीईआरटीने करोनोत्तर काळात विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्याच्या हेतूने पाठ्यपुस्तकांची काटछाट केली. दहावीच्या विज्ञानातील नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचे प्रकरण गेले. बारावीच्या जीवशास्त्रातील पर्यावरणीय समस्यांचे प्रकरण गेले. आठवीतील हवा व पाणी यांच्या प्रदूषणाचा पाठ आणि सातवीतील हवामान व प्राण्यांचे अनुकूलन हा पाठही गेला. एकच आशय अन्यत्र येतो, असे समर्थन त्या वेळी करण्यात आले. काही बाबतीत ते खरेही आहे. दहावीत ‘आपले पर्यावरण’ हा पाठ आहे, आणि बारावीच्या जीवशास्त्रात परिसंस्थेच्या घटकाला ७० पैकी १० गुण आहेत.

पण वगळलेल्या भागाचे स्वरूप पाहिले म्हणजे या काटछाटीचा अर्थ कळतो. दहावीच्या त्या प्रकरणात खेजडीच्या झाडांसाठी प्राण देणाऱ्या अमृतादेवी बिष्णोई होत्या, चिपको आंदोलन होते, आणि पश्चिम बंगालमधील आराबारीचे सालवन होते. तेथे १९७२ साली एका वनाधिकाऱ्याने गावकऱ्यांना सोबत घेऊन उजाड झालेले रान पुन्हा उभे केले. म्हणजे जंगलात माणसेही असतात, जंगलावर कोणाचा तरी हक्क असतो, त्यासाठी भांडण होते आणि कधीकधी तोडगाही निघतो, हे सांगणारी पाने गेली. ऊर्जेचा प्रवाह, पोषणपातळ्या आणि जैवविविधतेच्या व्याख्या राहिल्या. व्याख्यांना महत्त्व आहे, पण व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला ‘हे जंगल का तुटले?’ असा प्रश्न पडेलच असे नाही.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने माध्यमिक स्तरावर पर्यावरण शिक्षणाला पुन्हा आंतरविद्याशाखीय स्थान देऊ केले आहे आणि नवी पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. त्यांचे स्वागत करावे. तथापि पुस्तक बदलल्याने अनुभव बदलत नाही, आणि कुवेतमधील शाळांची खरी अडचण अनुभवाची आहे.

जंगल कशाला म्हणायचे?

वनस्थिती अहवालाकडे पुन्हा वळू. देशाच्या भूभागापैकी २५.१७ टक्के क्षेत्र वने व वृक्ष यांनी आच्छादलेले आहे, असे हा अहवाल सांगतो. त्यापैकी वनाच्छादन २१.७६ टक्के आणि वनाबाहेरील वृक्षाच्छादन ३.४१ टक्के. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणातील एक-तृतीयांशाचे उद्दिष्ट मनात धरून वाचल्यास हा आकडा आश्वासक वाटतो. परंतु या मोजणीत एक हेक्टर किंवा त्याहून मोठा, दहा टक्क्यांहून अधिक छत्राच्छादन असलेला कोणताही भूखंड वनाच्छादित धरला जातो. तो कोणाच्या मालकीचा आहे आणि त्यावर कोणती झाडे आहेत, याचा विचार होत नाही. उपग्रहाच्या नजरेला देवरुखजवळची जुनी देवराई आणि शेजारची हापूसची बाग दोन्ही हिरवीच दिसतात.

कायद्याची व्याख्या याहून वेगळी आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि सरकारी नोंदीत नसलेल्या रानालाही संरक्षण मिळाले. २०२३ च्या दुरुस्तीने हे संरक्षण प्रामुख्याने अधिसूचित आणि नोंदलेल्या वनांपुरते सीमित केले. त्या दुरुस्तीला आव्हान देण्यात आल्यावर न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ रोजी तूर्त १९९६ चाच अर्थ पाळण्याचा आदेश दिला. म्हणजे आजच्या घडीला मोजणीचे जंगल वेगळे, कायद्याचे वेगळे आणि परिसंस्थेच्या अभ्यासकाचे त्याहून वेगळे.

हा भेद दहावीच्या मुलाला समजणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. उलट परिसंस्था शिकवण्याची याहून चांगली सुरुवात क्वचितच सापडेल. आमराईत मधमाश्या असतात, पक्षी असतात, सावली असते. मग तेथे काय नसते? कुजणारा पाचोळा, वेली, वेगवेगळ्या वयांची झाडे, पडलेले खोड आणि त्यावरील बुरशी नसते. जंगल म्हणजे झाडांची बेरीज नव्हे, तो संबंधांचा व्यवहार आहे, हे या तुलनेतून कळते. दर ५ जूनला होणाऱ्या वृक्षारोपणाच्या छायाचित्रांतून ते कळत नाही. रोप लावणे चांगलेच, पण त्यालाच पर्यावरण शिक्षण समजण्याची सवय मात्र घातक आहे.

वाळवंट हीच प्रयोगशाळा

कुवेतचे क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्राहून अधिक. या भूमीला रिकामी समजणे ही आपली पहिली चूक. येथील राष्ट्रीय फूल असलेल्या अर्फजचे झुडूप वाऱ्याबरोबर आलेली वाळू बुंध्याशी धरून ठेवते, तिचा लहानसा उंचवटा तयार होतो, त्यात ओल टिकते, किडे आणि सरडे आसरा घेतात. उंटमेंढ्यांच्या बेसुमार चराईने, हिवाळी तंबूंच्या हंगामात वाळवंटभर धावणाऱ्या गाड्यांनी आणि युद्धाने ही झुडपे मोठ्या प्रदेशातून नाहीशी केली. झुडूप गेले की वाळू मोकळी होते आणि तीच पुढे धुळीच्या वादळात शहरावर येते. शिवाय या वादळांतील बरीचशी धूळ दक्षिण इराककडून येते, म्हणजे शेजारच्या देशात नदी आटली तर तिचा परिणाम सालमियातील बाल्कनीत दिसतो. वनविनाश आणि मृदाधूप यांतील संबंध शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण सह्याद्रीतही शोधावे लागेल.

कुवेत उपसागराच्या उत्तरेस असलेल्या सबाह अल-अहमद राखीव क्षेत्रात कुंपणामुळे चराई थांबली. कुंपणाच्या आत आणि बाहेर दिसणारा वनस्पतींतील फरक हा उघड्यावर मांडलेला प्रयोगच आहे. याच क्षेत्रात तल्हा येथे बाभळीच्या कुळातील एक एकाकी झाड आहे. कुवेतमध्ये नैसर्गिकरीत्या वाढलेल्या आपल्या जातीचे ते शेवटचे झाड मानले जाते. एखादी जात एका झाडावर येऊन ठेपते म्हणजे काय होते, परागणाचे काय, वाणातील विविधतेचे काय, हे प्रश्न पुस्तकातील ‘नामशेष’ या शब्दापेक्षा कितीतरी अधिक शिकवतात.

हिवाळ्याच्या तोंडावर वस्मचा पाऊस वेळेवर झाला की पुढे बाजारात फगा येतो. वाळूखाली वाढणारी ही बुरशी एका लहानशा रानझुडपाच्या मुळांशी सहजीवन करून जगते. जंगलातील झाड आणि बुरशी यांचा जो करार पुस्तकात आकृतीने दाखवतात, तोच येथे किलोच्या भावाने विकला जातो. समुद्रकाठी तर आपल्या ओळखीचेच झाड भेटते. कोकणच्या खाड्यांतील तिवर आणि कुवेतच्या किनाऱ्यावर कुवेत वैज्ञानिक संशोधन संस्थेने प्रयोगादाखल लावलेले खारफुटीचे झाड एकाच जातीचे आहे. कुवेतची थंडी, खारटपणा आणि उष्मा यांत ते किती तग धरते याचा अभ्यास ही संस्था अनेक वर्षे करीत आहे. महाराष्ट्रातील कांदळवन २०२३ च्या अहवालानुसार १२.३९ चौरस किलोमीटरने वाढले, तर देशाचे एकूण कांदळवन किंचित घटले. एकाच झाडाचे हे दोन किनारे विद्यार्थ्याला सहज तोलून पाहता येतील.

हवामानबदलासाठी तर कुवेतला दूरचे उदाहरण द्यावे लागत नाही. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद २०१९ मध्ये मान्य केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच देशात अतिवृष्टीने रस्ते वाहून गेले आणि सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. युद्धात तेलाने माखलेल्या जमिनीच्या पुनर्वसनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने कुवेतला सुमारे तीन अब्ज डॉलर मंजूर केले. ते काम तीन दशकांनंतरही संपलेले नाही. परिसंस्था मोडायला काही महिने पुरतात आणि सावरायला पिढी लागते, हे या जमिनीवर दिसते.

इतिहासही विसरू नये. तेलाची निर्यात १९४६ मध्ये सुरू होण्यापूर्वी कुवेतचे जीवन समुद्रावर चालत असे. त्यांची बूम जातीची गलबते मलबारच्या सागाने बांधली जात आणि घरांच्या छतांचे वासे पूर्व आफ्रिकेच्या खारफुटीतून येत. १९६१ साली दिनार येईपर्यंत व्यवहारातही रुपयाच चालत असे. जंगल नसलेला हा देश दुसऱ्यांच्या जंगलावर उभा होता. आज जगातील प्रत्येक महानगर तसेच उभे आहे, एवढाच फरक.

सुट्टी, पाऊस आणि सह्याद्री

कुवेतमधील भारतीय शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी असते. मुंबई-पुण्यातील मुले तेव्हा शाळेत असतात आणि आखातातील मुले नेमकी पावसाळ्यात गावी येतात. जंगल सर्वाधिक जिवंत असण्याचा हा काळ आहे आणि त्याचा उपयोग आपण बहुधा लग्नसमारंभ, दवाखाने, खरेदी आणि एखाद्या रिसॉर्टमधील दोन रात्री यांसाठी करतो.

हाच काळ धोक्याचाही असतो. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी, आणि ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाड. वायनाडच्या दुर्घटनेत दोनशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, केंद्राने पश्चिम घाटातील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील घोषित करणाऱ्या अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर आहे. माधव गाडगीळ समितीने आपला अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी दिला होता. इतक्या वर्षांत सहा मसुदे निघावेत आणि अंतिम निर्णय होऊ नये, यातून या प्रश्नातील हितसंबंधांची गुंतागुंत दिसते. प्रत्येक दरड जंगलतोडीमुळेच कोसळते असे नाही. पावसाची तीव्रता, खडकाची झीज, उतार, रस्त्यासाठी केलेली कापणी अशी अनेक कारणे एकत्र येतात. मुलांना हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण अर्धवट कारणे शिकलेला विद्यार्थी पुढे अर्धवट उपायांवर समाधान मानतो.

येथे अनिवासी मराठी माणसाचा थेट संबंध येतो. दक्षिण कोकणातील जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. त्याचे मालक मुंबईत, पुण्यात आणि आखातातही राहतात. सामायिक सातबाऱ्यावरील रान ठेकेदाराला तोडीसाठी देणे, दोडामार्गासारख्या तालुक्यात रबरासाठी डोंगर विकणे, सड्यावर बंगल्यांचे भूखंड पाडणे हे निर्णय बहुधा दूरध्वनीवर होतात. ऐन, किंजळ, हिरडा आणि जांभूळ यांत फरक न ओळखणाऱ्या वारसाला त्या रानाची किंमत फक्त गुंठ्याच्या भावात कळते. त्याला दोष देता येणार नाही, कारण दुसरी किंमत त्याला कोणी शिकवलीच नाही.

शब्द आणि नोंदवही

‘अरण्यऋषी’ मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी सोलापुरात निवर्तले. वनखात्यातील नोकरीत आदिवासी, पारधी आणि शिकारी यांच्याकडून त्यांनी जंगलाची भाषा गोळा केली, मराठीला काकागार आणि सारंगागार असे शब्द दिले. कुवेतमधील मराठी मुलाजवळ जंगलाचे इंग्रजी शब्द आहेत, मराठी नाहीत. घरातील आजीला करवंद, अळू, शेवळे, टाकळा ठाऊक असतात आणि पुस्तकाला बायोडायव्हर्सिटी ठाऊक असते. हे दोन्ही एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत, हे मुलाला सांगणारे मधले माणूस नसते. ते काम पालकांनी आणि महाराष्ट्र मंडळांनी करायचे आहे.

अडचणी खऱ्या आहेत. मे महिन्यात मुलांना बाहेर नेणे शक्य नसते. राखीव क्षेत्रांत प्रवेशासाठी परवानगी लागते. शिक्षकांवर अभ्यासक्रम संपवण्याचा ताण असतो. नीटचे परीक्षाकेंद्र २०२१ पासून कुवेतमध्येच आल्याने अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याचा प्रत्येक तास मोजलेला असतो, आणि पालकच विचारतात की याचे गुण किती. या प्रश्नाला तुच्छतेने उडवून लावण्यात अर्थ नाही. ज्यांनी गुणांच्या बळावर परदेशात संसार उभा केला, ते गुणांचाच हिशेब करणार.

म्हणून उपाय मोठे असण्यापेक्षा चालणारे असावेत. २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यासाठी ‘अधिवास आणि अध्ययन’ या विषयावर नेमलेल्या राष्ट्रीय गटाचे अध्यक्ष माधव गाडगीळच होते. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराच्या खऱ्या नोंदी कराव्यात आणि त्या सर्वांसाठी खुल्या माहितीसाठ्यात जमा व्हाव्यात, ही त्या गटाची कल्पना होती. ती कुवेतमध्ये आजही राबवता येईल. नोव्हेंबर ते मार्च या काळात सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी एकाच जागेला महिन्यातून एकदा भेट द्यावी. झुडपे मोजावीत, चराईच्या आणि चाकांच्या खुणा टिपाव्यात, सुलैबिखात उपसागराच्या चिखलाटीवर उतरणारे पक्षी मोजावेत. पाच वर्षांनी त्या नोंदींतून बदल दिसू लागेल.

दुसरी नोंदवही गावाकडची. दर पावसाळ्यात गावातील एकाच देवराईला किंवा एकाच ओढ्याला भेट द्यायची, आजोबांना किंवा गावातील जाणत्याला सोबत घ्यायचे, दहा झाडांची स्थानिक नावे लिहायची, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते ते विचारायचे. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती आपल्या गावात आहे का, हे विचारणे हाही धडाच आहे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. पहिलीतल्या मुलाने ती पाहिली तर आठवी-नववीत असताना तो ती पुन्हा पाहील, आणि मधल्या काळात डोंगर किती बदलला हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

शाळांनीही दोन वह्यांतील नोंदी प्रकल्प म्हणून स्वीकाराव्यात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्यांना देता येतात, म्हणजे पालकांच्या प्रश्नालाही उत्तर मिळते. मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एका संध्याकाळी मुलांना या नोंदी मांडू द्याव्यात. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

पश्चिम घाटाची अंतिम अधिसूचना कधी निघेल, वन कायद्यातील दुरुस्तीचे न्यायालयात काय होईल, हे आपल्या हाती नाही. सातबाऱ्यावर सही करणारा हात मात्र आपल्या घरातलाच असणार आहे. त्या वेळी समोरच्या रानात काय आहे हे त्याला ठाऊक असावे, इतकी तरतूद आजपासून करता येईल.